सीरियल नंबरावरून जुन्या स्थिर इंजिनाचे वर्ष कसे ठरवावे

जुने स्थिर इंजिन (पंप, गिरणी अशी यंत्रे चालवण्यासाठी एका जागी बसवलेले) ताब्यात आले की ते कोणत्या साली बनले हा प्रश्न लगेच पुढे येतो, आणि पाटीवरचा नंबर एखाद्या यादीत शोधला की उत्तर मिळेल अशी बहुतेकांची अपेक्षा असते. ही अपेक्षा चुकीची नसली तरी अपुरी आहे. सीरियल नंबर म्हणजे तारीख नव्हे. कारखान्याने त्या इंजिनाला दिलेले रांगेतले स्थान एवढाच त्याचा अर्थ आहे. ती रांग कोणत्या आकड्यापासून सुरू झाली, तिच्यात आणखी कोणकोणत्या प्रकारची इंजिने मोजली गेली आणि कोणत्या वर्षी ती कुठवर पोचली होती, हे ठाऊक असेल तरच त्या स्थानावरून वर्ष काढता येते. म्हणून आधी नंबर बिनचूक वाचावा लागतो, मग तो ज्या यादीत शोधायचा ती नेमकी यादी ओळखावी लागते, आणि शेवटी मिळालेले वर्ष इंजिनाच्या अंगावरील इतर खुणांशी ताडून पाहावे लागते. पहिल्या कामात लोक घाई करतात आणि तिसरे काम बहुधा करतच नाहीत.

नंबर कुठे शोधावा

बहुतेक कारखाने नंबर पितळेच्या किंवा पत्र्याच्या पाटीवर ठोकत असत. उघड्या क्रँकच्या (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा दांडा बाहेरून दिसतो अशा) आडव्या इंजिनांवर ही पाटी अनेकदा पाण्याच्या हॉपरवर (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या उघड्या टाकीवर) असते, तर बंद क्रँककेसच्या उभ्या इंजिनांवर ती क्रँककेसच्या बाजूला किंवा त्याच्या झाकणावर आढळते. पाटी गहाळ झाली असली तरी शोध तिथे संपत नाही, कारण अनेक कारखाने तोच नंबर इंजिनाच्या धातूतही ठोकत. क्रँकशाफ्टचे उघडे टोक, फ्लायव्हीलचा हब किंवा कडा, सिलिंडर हेडवरची सपाट जागा आणि क्रँककेसचा यंत्रावर तासलेला पृष्ठभाग या जागा एकामागून एक साफ करून पाहाव्यात. क्रँकशाफ्टचे टोक सर्वांत आधी पाहावे, कारण तिथला ठसा रंगाच्या कितीही थरांखाली शाबूत राहतो. मात्र त्यावर पुली बसवलेली असेल तर ती उतरवावी लागते.

इंजिनावर दिसणारा प्रत्येक आकडा सीरियल नंबर नसतो, आणि चुकीचा आकडा यादीत शोधल्यामुळे वाया जाणारा वेळ मोठा असतो. ओतकामातच उठून आलेले आकडे म्हणजे त्या भागाचा किंवा त्याच्या पॅटर्नचा (साचा घडवण्यासाठीच्या नमुन्याचा) क्रमांक. एका पॅटर्नवरून ओतलेल्या प्रत्येक भागावर तोच आकडा येतो, त्यामुळे एका विशिष्ट इंजिनाबद्दल तो काहीच सांगत नाही. सीरियल नंबर प्रत्येक इंजिनाचा वेगळा असल्यामुळे तो पंचाने खोल ठोकलेला असतो. त्यातही दोन-तीन आकड्यांचे सुटे ठसे दिसले तर ते बहुधा तपासनिसाचे किंवा जुळणी करणाऱ्या कारागिराचे असतात: बेअरिंगच्या झाकणावर आणि त्याच्या बैठकीवर सारखाच आकडा असला, तर ती केवळ जोडी जुळवण्याची खूण आहे. पाटीवरही अश्वशक्ती, मिनिटाला फेरे, पेटंटांचे क्रमांक असे इतर आकडे असतात. मॅग्नेटोवरचा (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या जोडभागावरचा) नंबर हा मॅग्नेटो बनवणाऱ्या कारखान्याचा असतो; इंजिनाच्या नंबराशी त्याचा काही संबंध नसतो.

नंबर वाचणे

पाटी घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. पितळेच्या पातळ पाटीवरचे उथळ ठसे पॉलिशने आणि तारेच्या ब्रशने कायमचे पुसले जातात, आणि अक्षरांच्या मागे भरलेला मूळ रंगही निघून जातो. आधी कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश वापरावा; त्यानंतरही रंग राहिला तर रंग काढायचे द्रावण कापसाने थोडे थोडे लावून आणि लाकडी काडीने हळू खरवडून तो काढावा. ओतीव लोखंडावर किंवा क्रँकशाफ्टवर गंज असेल तर तेलात भिजवलेल्या बारीक स्टीलवूलने तो उतरवता येतो. ग्राइंडर आणि वाळूचा मारा या जागांपासून कटाक्षाने दूर ठेवावा. गंज काढण्यासाठी इंजिनाचे भाग विद्युत-विच्छेदनाच्या टाकीत टाकायचे असतील, तर पाटी आधी उतरवून बाजूला ठेवणे इष्ट.

साफ केल्यावर नंबर समोरून पाहू नये. खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा आणि तो सर्व बाजूंनी फिरवत प्रत्येक स्थितीत फोटो घ्यावा. एका दिशेने अदृश्य असलेली रेघ दुसऱ्या दिशेने सावली टाकते, आणि चार-पाच फोटो शेजारी ठेवून पाहिले की शंका बरीच कमी होते. पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासणे हा जुना उपायही तितकाच भरवशाचा आहे. पाटी आधीच निखळलेली असेल तर तिची मागची बाजू अवश्य पाहावी, कारण पातळ पत्र्यावर जोरात ठोकलेला पंच मागे उंचवटा सोडतो आणि पुढून झिजलेला आकडा मागून उलटा का होईना, पण वाचता येतो. जागेवर पक्की असलेली पाटी केवळ यासाठी उचकटू नये. तिचे मूळ रिव्हेट हाही एक पुरावाच आहे.

गफलत ठराविक इंग्रजी आकड्यांत होते: ३ आणि ८, ५ आणि ६, १ आणि ७, तसेच उलट्या बाजूने वाचल्यास ६ आणि ९. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांचीही गल्लत होते, विशेषतः नंबराच्या आरंभी किंवा शेवटी अक्षर असेल तेव्हा. शंका उरलीच तर त्या जागी एकच आकडा ठरवून मोकळे होऊ नये. शक्य असलेले सर्व वाचन लिहून ठेवावे आणि प्रत्येकाचे वर्ष काढून पाहावे. सहा आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे संदिग्ध असले तरी वर्षाला बहुधा धक्का लागत नाही, पण पहिल्या किंवा दुसऱ्या आकड्यातील शंका दशके हलवू शकते. कोणत्या आकड्यासाठी किती कष्ट घ्यायचे हे यावरूनच ठरते.

नंबराच्या आगेमागे असलेली अक्षरे गाळू नयेत. ती कधी इंजिनाचा प्रकार सांगतात, कधी इंधन, कधी सिलिंडरचा आकार, तर कधी मालिका बदलल्याची खूण असतात. अक्षर सोडून केवळ आकडे शोधले तर एका मॉडेलचा नंबर दुसऱ्याच मॉडेलच्या यादीत सापडतो आणि उत्तर विश्वसनीय वाटूनही साफ चुकीचे निघते.

कारखाना ओळखणे, केवळ नाव नव्हे

इथे सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे. पाटीवरचे मोठे नाव हे नेहमीच बनवणाऱ्याचे नाव नसते. अमेरिकेत सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीची ‘इकॉनॉमी’ इंजिने इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल येथील हर्क्युलिस कारखान्यात बनत, आणि त्याच कारखान्यातून इतर नावांनीही इंजिने बाहेर पडत. परंतु हर्क्युलिसच्या आधी ‘इकॉनॉमी’ हेच नाव दुसऱ्या कारखान्यांच्या इंजिनांवरही लागलेले होते. म्हणजे ‘इकॉनॉमी’ एवढे वाचून यादी निवडली तर ती बरोबर असेलच असे नाही; आधी घडण पाहून कारखाना ठरवायला हवा. ब्रिटनमध्ये ‘अमॅन्को’ या नावाने विकली गेलेली इंजिने आयोवा राज्यातल्या वॉटर्लू येथील असोसिएटेड मॅन्युफॅक्चरर्स कंपनीची होती. केवळ गावाच्या नावावरही विसंबता येत नाही, कारण त्याच वॉटर्लूमध्ये वॉटर्लू गॅसोलिन इंजिन कंपनी आणि विल्यम गॅलोवे कंपनी या आणखी दोन स्वतंत्र कंपन्या होत्या. एकाच कंपनीचे दोन देशांत कारखाने असले, तर त्यांच्या नंबरांच्या मालिका वेगळ्या असण्याची शक्यता गृहीत धरावी: फेअरबँक्स-मोर्सची विस्कॉन्सिनमधील बेलॉइट येथे बनलेली इंजिने आणि कॅनडातील फेअरबँक्स-मोर्सची इंजिने एका यादीत शोधू नयेत. लोकप्रिय घडणींच्या नकलाही झाल्या. इंग्लंडमधील डर्सलीच्या लिस्टर कारखान्याचे सीएस हे संथ गतीचे डिझेल इंजिन पुढे इतर देशांतल्या कारखान्यांनीही त्याच घडणीने बनवले, आणि अशा इंजिनाचा नंबर डर्सलीच्या यादीत घालणे व्यर्थ आहे.

कंपनीचे नाव नीट वाचले तर यादी उघडण्याआधीच वर्षाच्या सीमा आखता येतात. इंग्लंडमधील लिंकनची ‘रस्टन, प्रॉक्टर’ आणि ग्रँथमची ‘रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स’ या दोन कंपन्या १९१८ मध्ये एक झाल्या. त्यामुळे ‘रस्टन अँड हॉर्न्सबी’ असे नाव असलेली मूळ पाटी त्याआधीची असूच शकत नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी १९०२ मध्ये स्थापन झाली. जॉन डिअरने वॉटर्लू गॅसोलिन इंजिन कंपनी १९१८ मध्ये विकत घेतली. ‘लिस्टर-पेटर’ हे जोडनाव १९८६ चे आहे. पेटर या ब्रिटिश इंजिन-कंपनीच्या बाबतीत पत्ता नावापेक्षा अधिक बोलतो: सॉमरसेटमधील योव्हिल हे या कंपनीचे मूळ ठिकाण, ब्रश कंपनीच्या ताब्यात गेल्यावर १९३०च्या दशकाच्या अखेरीस काम लफबरोला हलले आणि त्यानंतर स्टेन्सला गेले. पाटीवर योव्हिल असेल तर लफबरोच्या काळातले वर्ष दाखवणारी यादी तरी चुकीची आहे किंवा नंबर तरी चुकीचा वाचला आहे.

यादी वापरताना

सीरियल नंबरांच्या बहुतेक याद्या वर्ष आणि त्यापुढे एक नंबर अशा दोन स्तंभांच्या असतात. हा नंबर त्या वर्षीचा पहिला की शेवटचा, हे आधी पाहावे. समजा १९२८ समोर ४०,००० आणि १९२९ समोर ४८,००० लिहिले आहे आणि आपला नंबर ४६,००० आहे. यादी पहिल्या नंबरांची असेल तर इंजिन १९२८ चे. शेवटच्या नंबरांची असेल तर तेच इंजिन १९२९ चे. यादीच्या शीर्षकात खुलासा नसल्यास यादीचा आरंभ पाहावा: उत्पादनाच्या पहिल्याच वर्षासमोर १ किंवा १००१ सारखा आरंभाचा आकडा असेल तर यादी पहिल्या नंबरांची आहे. वर्ष म्हणजे कॅलेंडरचे की कंपनीच्या हिशेबाचे हाही प्रश्न असतो, कारण शरद ऋतूत संपणाऱ्या हिशेबी वर्षाची यादी दोन-तीन महिन्यांचा फरक पाडते आणि सीमेवरच्या नंबराचे साल त्यामुळे बदलते.

वरच्या उदाहरणात ४६,००० हा नंबर पहिल्या अर्थाने वर्षाच्या तीन-चतुर्थांश टप्प्यावर येतो, आणि त्यावरून कोणी ‘सप्टेंबर १९२८’ असे सांगून मोकळा होतो. असा महिना काढू नये. कारखान्याचे उत्पादन वर्षभर सारखे नसते. शेतीच्या हंगामाआधी ते वाढते, मागणी ओसरली की मंदावते, आणि साच्यांची किंवा यंत्रांची बदलाबदल सुरू असताना थांबतेही. वर्षाचा पूर्वार्ध की उत्तरार्ध, यापलीकडे अशा हिशेबाला अर्थ नाही.

मोठा नंबर म्हणजे उशिराचे इंजिन आणि छोटा नंबर म्हणजे पहिल्या काळातले, ही समजूतही सोडावी लागते. जॉन डिअरच्या ‘ई’ या इंजिनाची मालिका १९२३ मध्ये २,३५,००१ पासून सुरू झाली; म्हणून सहा आकडी नंबर असूनही इंजिन मालिकेच्या अगदी आरंभीचे असू शकते. काही कारखाने सर्व प्रकारच्या इंजिनांना एकाच मालिकेत नंबर देत, काही प्रत्येक अश्वशक्तीला वेगळी मालिका ठेवत, तर काही विशिष्ट मॉडेलसाठी नंबरांचा एक गट आधीच राखून ठेवत आणि तो गट पुढची अनेक वर्षे वापरत. शेवटच्या पद्धतीत नंबरांचा क्रम आणि काळाचा क्रम एक राहत नाही, आणि तिथे मॉडेलनिहाय यादीखेरीज गत्यंतर नसते. यादी कोणत्या पद्धतीची आहे हे ओळखण्याची एक कसोटी आहे: त्याच कारखान्याची, वर्ष अन्य कागदपत्रांवरून नक्की ठाऊक असलेली दोन-तीन इंजिने घ्यावीत आणि यादी त्यांचे वर्ष बरोबर सांगते का ते पाहावे. ज्या यादीला ही साधी परीक्षा देता येत नाही तिच्यावर आपल्या इंजिनाचे वर्ष टांगू नये.

संग्राहकांमध्ये फिरणाऱ्या याद्यांचा उगम सारखा नसतो. काही कारखान्याच्या मूळ वह्यांवरून उतरवलेल्या असतात, काही कंपनीने सुटे भाग पुरवण्यासाठी छापलेल्या असतात, आणि काही तर उपलब्ध इंजिनांचे नंबर गोळा करून मागाहून अंदाजाने रचलेल्या असतात. तिसऱ्या प्रकारच्या याद्याही उपयोगी आहेत, परंतु त्यांतील आकडे गोल असतात आणि वर्षांमधले अंतर संशय यावा इतके समान असते. मूळ कागदपत्रे मिळण्याची शक्यता असेल तर तिकडेच वळावे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा मोठा दप्तरसंग्रह विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. ब्रिटिश इंजिनांसाठी चेशरमधील पॉइंटन येथील अ‍ॅन्सन इंजिन म्युझियमसारख्या संस्थांकडे विचारणा करता येते. पत्रात नंबर, अक्षरे, अश्वशक्ती, फेरे, सिलिंडरचा व्यास आणि पाटीचा फोटो एकत्र पाठवावा. केवळ नंबर पाठवला तर उलट हेच सारे विचारणारे उत्तर येईल.

कारखान्याच्या वहीतली तारीख मिळाली, तरी ती कशाची तारीख आहे हे पाहावे. ओतकाम, जुळणी, चाचणी, रवानगी आणि विक्री या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंदीच्या काळात जुळणी व विक्री यांत मोठे अंतर पडू शकत होते. वह्यांमध्ये बहुधा चाचणीची किंवा रवानगीची तारीख असते. म्हणून मूळ मालकाची पावती यादीपेक्षा उशिराचे वर्ष दाखवत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे असे समजण्याचे कारण नाही.

काही इंजिनांवर सीरियल नंबराऐवजी थेट तारखेचा संकेत असतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या १९६०च्या दशकापासूनच्या छोट्या इंजिनांवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे आढळतात. त्यांपैकी कोडचे पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे आणि त्यापुढचे दोन दिवसाचे असतात. इथे यादीची गरजच नाही, मात्र ही रीत त्याआधीच्या किंवा दुसऱ्या कारखान्यांच्या नंबरांना लावू नये. एखाद्या जुन्या नंबराच्या आरंभी २६ असले म्हणून इंजिन १९२६ चे ठरत नाही.

मिळालेले वर्ष ताडून पाहणे

यादीने दिलेले वर्ष इंजिनाशी जुळते का, हे आता पाहायचे. सर्वांत सोपी कसोटी म्हणजे मॉडेलचे आयुष्य. लिस्टरचे ‘डी’ इंजिन १९२६ मध्ये आले. यादी त्याला १९२४ हे वर्ष देत असेल तर कुठेतरी चूक आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ‘एलए’ची जागा १९४१ मध्ये ‘एलबी’ने घेतली आणि ‘एलबी’ १९४८ पर्यंत बनत राहिले, त्यामुळे तिथे अक्षरेच वर्षाला दोन्ही बाजूंनी बांध घालतात.

पाटीवरील पेटंटांच्या नोंदी हा फार समृद्ध पुरावा आहे, पण त्याचा अर्थ एकाच दिशेने लावता येतो: सर्वांत अलीकडच्या पेटंटाच्या आधी ती पाटी बनलेली नाही, एवढेच. सर्वांत जुनी पेटंट तारीख घेऊन तेच इंजिनाचे वर्ष म्हणून सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे प्रत्येक इंजिन आश्चर्यकारक रीतीने दहा-पंधरा वर्षांनी म्हातारे असते. अमेरिकन पाट्यांवर पूर्वी पेटंटाची तारीख छापत. तारखेऐवजी पेटंटाचा नंबर द्यावा हा नियम १९२७ मध्ये आला. नंबर असेल तर साधारण काळ लगेच कळतो, कारण दहा लाखावे अमेरिकन पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजी आणि वीस लाखावे ३० एप्रिल १९३५ रोजी दिले गेले. तारीख असेल आणि ती अर्धवट झिजलेली असेल, तर एक गोष्ट कामी येते: अमेरिकन पेटंटे त्या काळात मंगळवारीच दिली जात. ‘ऑगस्ट १९११’ आणि दिवसाचा शेवटचा आकडा ८ एवढेच दिसत असेल तर ८, १८ आणि २८ या तीन शक्यता उरतात. त्यांपैकी मंगळवार फक्त ८ तारखेला होता. पेटंट नंबराने शोधता येते तसे दिलेल्या तारखेवरूनही शोधता येते, आणि त्यातून पेटंट खरोखर याच इंजिनाच्या गव्हर्नरचे (वेग आवरणाऱ्या यंत्रणेचे) किंवा इग्नायटरचे (ठिणगी पाडणाऱ्या भागाचे) आहे का हेही पाहता येते.

ब्रिटिश पेटंटांची रीत वेगळी होती. १९१६ पूर्वी तिथे दरवर्षी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होत, म्हणून नंबरासोबत साल असल्याशिवाय त्याला अर्थ नसे. हॉर्न्सबी-अ‍ॅक्रॉइड तेल इंजिनाच्या मुळाशी असलेले हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांचे पेटंट ‘१८९० चे ७१४६’ असेच सांगावे लागते. १९१६ पासून १,००,००१ या क्रमांकाने सुरू झालेली सलग मालिका आली. म्हणजे ब्रिटिश पाटीवर सालाविना सहा आकडी पेटंट नंबर दिसला तर ती पाटी १९१६ किंवा त्यानंतरची आहे. नोंदणीकृत डिझाइनचे क्रमांक मात्र १८८४ पासून सलग चालत आले, आणि त्यांचा उपयोग पेटंटासारखाच, केवळ खालची सीमा ठरवण्यापुरता करावा.

पत्त्यातल्या बारकाव्यांनाही किंमत आहे. लंडनच्या टपाल विभागांना ‘एस.ई.१’ असे आकडे १९१७ मध्ये जोडले गेले. अमेरिकेत शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग १९४३ पासून लिहू लागले आणि पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला. विक्रेत्याने लावलेल्या दुसऱ्या पाटीवर अशी खूण असेल तर ती विक्रीचा काळ सांगते, कारखान्याचा नव्हे.

मॅग्नेटो, कार्बोरेटर आणि तेलाचे ग्लास यांच्याकडे पुरावा म्हणून पाहताना हात आखडता ठेवावा, कारण हेच भाग सर्वाधिक वेळा बदलले जातात. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या अनेक मॅग्नेटोंवर महिना व वर्ष ठोकलेले आढळते. ते यादीतल्या वर्षाच्या किंचित आधीचे असेल तर दोन्ही पुरावे एकमेकांना बळ देतात. वीस वर्षांनी पुढचे असेल तर मॅग्नेटो बदलला आहे, एवढेच सिद्ध होते. अमेरिकन बॉश मॅग्नेटो कॉर्पोरेशन ही कंपनी पहिल्या महायुद्धात बॉश या जर्मन कंपनीची अमेरिकेतील मालमत्ता जप्त झाल्यानंतर उभी राहिली, त्यामुळे तिचे नाव असलेला मॅग्नेटो १९१० च्या इंजिनावर मूळचा असणार नाही. या उलट ओतीव भागांवरील तारखा अधिक भरवशाच्या आहेत. काही कारखान्यांच्या ओतकामात दिवस-महिना किंवा सालाचा संकेत उठून आलेला असतो, आणि क्रँककेस किंवा सिलिंडर ब्लॉक सहसा बदलत नाही. ओतकामाची तारीख जुळणीच्या आधीची असणार. ती यादीतल्या वर्षानंतरची निघाली तर पाटी दुसऱ्या इंजिनाची आहे असा संशय घ्यावा.

तो संशय घेण्यास कारणे असतात. दोन-तीन मोडक्या इंजिनांतून एक चालू इंजिन उभे करणे ही या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण मग पाटीचा नंबर एका इंजिनाचा आणि क्रँकशाफ्टचा दुसऱ्याचा असतो. म्हणून दोन्ही ठिकाणचे नंबर वाचून पाहावेत. नव्याने बनवलेल्या नकली पाट्याही सहज मिळतात. पाटीची कड अगदी धारदार असणे, अक्षरे ठोकलेली नसून आम्लाने कोरलेली असणे, नंबराचे आकडे एका ओळीत यंत्रवत सरळ असणे आणि जुन्या ठोकून बसवलेल्या रिव्हेटांच्या जागी पोकळ पॉप-रिव्हेट असणे, ही चिन्हे एकत्र आली तर पाटी मूळची नाही असे धरून चालावे. तिच्यावरचा नंबर जुन्या पाटीवरून प्रामाणिकपणे उतरवलेला असू शकतो, परंतु तो स्वतंत्र पुरावा राहत नाही. नंबर मुळीच न सापडलेल्या इंजिनावर अंदाजाने नवा नंबर ठोकणे मात्र कधीही करू नये. त्याने हे इंजिन तर बिघडतेच, शिवाय पुढे कोणी नंबर गोळा करून यादी रचली तर ती यादीही बिघडते.

नोंद कशी करावी

निष्कर्ष एका सालात लिहिण्याऐवजी सीमा आणि आधार यांसह लिहावा. नोंदीत आधी नंबर जसा वाचला तसा, अक्षरांसह आणि संदिग्ध आकड्याखाली रेघ मारून लिहावा, आणि तो कोणत्या जागेवरून वाचला ते सांगावे. त्यानंतर वापरलेली यादी, ती पहिल्या नंबरांची की शेवटच्या, आणि तिने दिलेले वर्ष लिहावे. मग पेटंट, पत्ता, मॉडेल आणि ओतकाम यांनी ठरवलेली खालची व वरची सीमा द्यावी, आणि न जुळणारी कोणतीही खूण असल्यास ती झाकून न ठेवता शेवटी नमूद करावी. उदाहरणार्थ: ‘पाटी व क्रँकशाफ्ट यांवरील नंबर एकच, मॉडेलनिहाय यादीप्रमाणे १९२८, यादी पहिल्या नंबरांची, सर्वांत अलीकडचे पेटंट १९२५, मॅग्नेटो १९३७ चा, बदललेला.’ पाटी, क्रँकशाफ्टचे टोक आणि ओतकामाच्या खुणा यांचे तिरप्या प्रकाशातले फोटो या नोंदीसोबत जोडावेत आणि इंजिनाला नवा रंग देण्याआधीच ते काढून ठेवावेत.